सहा माणसांचं ओझं आणि गिअरबॉक्सवरचं झाकण

आमच्या कुंभारीत विहिरीचा गाळ काढायचा असला की यारी येते. लोखंडी खांब, त्याला आडवा हात, तारेचा दोर, खाली लोंबणारी बादली आणि बाजूला धडधडणारं डिझेल इंजिन. लहानपणापासून पाहिलेलं हे यंत्र, त्यामुळे माझ्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं होतं: उचलायचं असेल तर इंजिन पाहिजे, आणि ते यारीचं स्वतःचं पाहिजे.

ते समीकरण मोडलं अक्कलकोट रोडवर. उसाची ट्रॉली कलंडली होती आणि ती सरळ करायला एक जुना ट्रक आला होता. लिलावात निघालेला लष्करी ट्रक. वरून पिवळा रंग मारलेला, पण दाराच्या खरचटलेल्या कडेला आतला हिरवा दिसत होता. मागे हायड्रॉलिक क्रेन बसवलेली. मी सवयीने त्याचं दुसरं इंजिन शोधायला लागलो. सापडेना. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "दुसरं कशाला पाहिजे? हेच की!" आणि केबिनमधला एक छोटा दांडा दाखवला.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात की संशोधनाचा प्रश्न सापडतो कसा. माझ्या बाबतीत तरी तो असा सापडला. "लष्करी ट्रकचा इतिहास" हा विषय झाला, प्रश्न नाही. त्यावर चकचकीत पुस्तकं भरपूर आहेत, आणि ती सगळी इंजिनाची अश्वशक्ती, चाकांची संख्या आणि कुठल्या युद्धात गाडी होती एवढंच सांगतात. "चालायला दिलेली ताकद उचलायला कधी, कशी आणि कुणाच्या गरजेने वळवली गेली?" हा प्रश्न. आज त्याबद्दलच लिहितोय.

आधी तो दांडा समजून घेऊ. त्याला पीटीओ म्हणतात, पॉवर टेक-ऑफ. डंपरवाल्यांना हे सांगायची गरज नाही. मुरूम ओतायचा असला की ड्रायव्हर गाडी उभी करतो, गिअर न्यूट्रल, क्लच दाबून पीटीओ टाकतो, क्लच सोडतो आणि हौदा वर जायला लागतो. गिअरबॉक्समध्ये एक काउंटर शाफ्ट असतो, आणि क्लच सोडलेला असला की तो न्यूट्रलमध्येही फिरत राहतो. गिअरबॉक्सच्या कुशीला एक भोक ठेवलेलं असतं, एरवी बोल्ट आवळून झाकण लावलेलं. ते झाकण काढायचं, तिथे पीटीओची डबी बसवायची, तिचा दाता काउंटर शाफ्टच्या दात्यात अडकवायचा. चाकं जागेवर, पण फिरणारी ताकद बाहेर आली. ही कुशीतली पद्धत. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत ती ट्रान्सफर केसवरूनही काढतात.

कल्पना म्हणून हे आपल्याला नवीन नाही. मोटेवर पाणी काढणाऱ्यांकडे वेगळे बैल नसत. गाडीला तेच, नांगराला तेच आणि मोटेलाही तेच. जू बदललं की काम बदललं. यंत्राच्या दुनियेत हे जरा उशिरा आलं. फ्रान्समध्ये अल्बेर गूजी याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ट्रॅक्टरच्या इंजिनावरून शाफ्ट काढून मागचं कापणीयंत्र चालवलं; अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९१८ मध्ये अशी सोय असलेला ट्रॅक्टर बाजारात आणला. ट्रॅक्टरच्या मागचा ५४० फेऱ्यांचा पीटीओ आज गावातल्या पोरांनाही माहीत आहे. ट्रकच्या बाबतीत मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो तो कुठल्या पुस्तकात नाही, त्या झाकणात आहे. कारखानदार गाडी बनवताना एक भोक ठेवून झाकतो, याचा अर्थ असा की ही गाडी पुढे काय काय करेल ते आपल्याला माहीत नाही, हे तो मान्य करतो. गाडी तयार आहे, पण पुरी झालेली नाही.

आता लष्कराकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धातल्या ट्रकांवर पीटीओ होता, पण हायड्रॉलिक हात क्वचितच. पुढच्या बंपरवर विंच असायची, म्हणजे तारेचं पिंप, आणि गिअरबॉक्सवरून शाफ्टने ते फिरायचं. चिखलात रुतलेली गाडी झाडाला तार बांधून स्वतःला ओढून काढायची. मोठ्या कामाला अमेरिकेचा डायमंड टी ९६९ होता. त्यावर होम्स कंपनीचे दोन हात, दोन्ही बाजूंना एकेक, प्रत्येकी पाच टनांचा. तेही पीटीओवर चालायचे, पण सगळा मामला शाफ्ट, दाते आणि तार यांचा. आपल्या विहिरीच्या यारीचीच ही मोठी बहीण.

ज्या कामाला यारी नेता येत नसे तिथे काय करायचे? माणसं. इथे एक आकडा लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे. ब्रिटिश अभियंता डोनाल्ड बेली याने युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत जोडपुलाची रचना केली. अट अशी की एकही सुटा भाग सहा माणसांना उचलता येणार नाही इतका जड नको. म्हणून बेली पुलाचं मुख्य चौकट-पॅनल दहा फूट लांब आणि सुमारे २६० किलोचं. सहा जण, प्रत्येकी त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलो. अख्ख्या पुलाचं गणित माणसाच्या खांद्यावरून मांडलेलं! क्रेन नसेल हे गृहीत धरून केलेली ही रचना इतकी चिवट निघाली की २०१८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर लष्कराने पादचारी पूल उभारला तोही याच जातीचा होता. (२०१७ च्या चेंगराचेंगरीनंतरचा तो पूल, आठवत असेल.)

हायड्रॉलिक क्रेन त्या काळी नवीन नव्हती बरं का. विल्यम आर्मस्ट्राँगने न्यूकॅसलला १८४६ मध्येच ती चालवून दाखवली होती. पण ती बंदरावर एका जागी उभी असायची आणि नळातून येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालायची. नवीन गोष्ट होती ती दाब गाडीबरोबर फिरवण्याची. ते घडलं स्वीडनमधल्या हुडिक्सवाल गावात, आणि केलं कुणी, तर स्की बनवणाऱ्या एका कारखानदाराने. एरिक सुंडीन त्याचं नाव. लाकडाचे ओंडके ट्रकवर चढवायला ट्रकच्याच इंजिनाने हायड्रॉलिक हात का हलवू नये, हा त्याचा विचार. १९४४ मध्ये त्याने हायड्रॉलिस्का इंडस्ट्री आबे ही कंपनी काढली. त्या नावाची आद्याक्षरं म्हणजे हियाब. १९४७ मध्ये त्यांची ट्रकवर बसणारी हायड्रॉलिक क्रेन आली. आज जगभर अनेक ठिकाणी ट्रकवरच्या क्रेनला, कंपनी कुठलीही असो, हियाबच म्हणतात.

दात्यांपेक्षा तेलात असं काय आहे? थोडं गणित करू, घाबरू नका. समजा पीटीओने फिरवलेला पंप एका फेरीत ४० घनसेंटिमीटर तेल ढकलतो आणि मिनिटाला १००० फेऱ्या घेतो. म्हणजे मिनिटाला ४० लिटर. दाब २०० बार धरला तर लागणारी शक्ती होते १३ किलोवॉटच्या थोडी वर, म्हणजे साधारण १८ अश्वशक्ती. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या ट्रकला हे काहीच नाही, इंजिन मंद चालीवर पुरवतं. आणि मिळतं काय? १२० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरच्या दट्ट्यावर तोच २०० बार दाब सुमारे २३ टनांचा रेटा देतो. गोम अशी की हे सावकाश होतं. चालण्यासाठी वेग लागतो, उचलण्यासाठी सबुरी. एकाच इंजिनात दोन्ही असतं, वाटप करता आलं पाहिजे. शिवाय तेलाची नळी कोपऱ्यावर वळते, शाफ्ट वळत नाही. हात दुमडून केबिनमागे ठेवता येतो तो त्यामुळेच.

लष्करांनी हे उचलायला वेळ लावला नाही. अमेरिकेच्या १९५० च्या दशकातल्या पाच-टनी एम ६२ या रिकव्हरी ट्रकवर हायड्रॉलिक क्रेन आली. आपल्याकडे १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक बनायला लागला. पुढे तिथेच उभ्या राहिलेल्या व्हेइकल फॅक्टरीत तो वर्षानुवर्षं निघत राहिला. अक्कलकोट रोडसारख्या रस्त्यांवर जुने लष्करी ट्रक दिसतात त्यांत शक्तिमान बरेच.

पण महाराष्ट्रातल्या संशोधकाने बघायला हवं ते पुण्याकडे. आपण पुणे म्हटलं की संरक्षण संशोधनात क्षेपणास्त्रं, स्फोटकं असलं काही आठवतो. दिघीला डीआरडीओची आर अँड डीई ही अभियांत्रिकी आस्थापना आहे, आणि तिचं बरंचसं काम, माझ्या भाषेत सांगायचं तर, ट्रकवर काय काय बसवता येईल हेच आहे. तिथला 'सर्वत्र' पूल घ्या. आठ चाकी तात्रा ट्रकवर घडी घातलेला पंधरा मीटरचा गाळा. हायड्रॉलिक यंत्रणा तो उलगडून पुढे टाकते, खाली उंची बदलता येणारा पाय सोडते. असे पाच गाळे जोडले की ७५ मीटरची दरी किंवा नदी ओलांडता येते. याच घराण्यातला दहा मीटरचा छोटा पूल. त्याचे पहिले बारा नग २ जुलै २०२१ रोजी लष्करात दाखल झाले, तेव्हा लष्करप्रमुख होते जनरल मनोज नरवणे. बेलीच्या सहा माणसांच्या जागी इथे ट्रकचं इंजिन आलेलं आहे. (तात्राचं एक वैशिष्ट्य इथे उपयोगी पडतं: तिची चासी म्हणजे मधोमध जाणारी जाड नळी, आणि चाकं दोन्ही बाजूंना स्वतंत्र हलतात. खड्ड्यात चाक गेलं तरी पाठीचा कणा पिळत नाही.)

आणि आता तो आकडा परत येतो. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संस्थेने विकसित केलेलं पिनाका. बातम्यांत एकच वाक्य असतं: ४४ सेकंदांत बारा रॉकेटं. १९९९ मध्ये कारगिलला ते चाचणी म्हणून वापरलंही गेलं. पण बातमी पंचेचाळिसाव्या सेकंदाचं सांगत नाही. सुरुवातीच्या पिनाकाचं एक रॉकेट २७६ किलोचं. म्हणजे जवळजवळ बेलीचं पॅनल! सहा माणसं लावली तर एक रॉकेट उचललं जाईल, आणि लाँचरवर बारा असतात, सहा-सहाच्या दोन पेट्यांत. एका पेटीतल्या रॉकेटांचंच वजन १६५६ किलो. हे खांद्यावर घ्यायचं म्हटलं तर सेकंदांचं शस्त्र तासांवर येतं. म्हणून प्रत्येक लाँचरच्या मागे क्रेनवाला भरणी-ट्रक असतो. त्याचा फोटो छापून येत नाही, पण त्याच्याशिवाय लाँचर म्हणजे एकदाच उडणारा बाण. माझ्या मते पिनाकाच्या इतिहासातलं निम्मं प्रकरण या ट्रकचं असायला हवं.

लष्करालाही हे उमगलेलं दिसतं. जुलै २०१५ मध्ये टाटा मोटर्सला सहा चाकी, सहाही चाकांना ताकद असलेल्या १२३९ ट्रकांची ऑर्डर मिळाली. काम: दारूगोळ्याचे पॅलेट आणि सुटे भाग क्रेनने चढवणं, उतरवणं, वाहून नेणं. नंतर आणखी ६१९. एकूण १८५८ ट्रक, आणि त्यांत तोफ एकही नाही.

इथवर सगळं कारखान्यात, आराखड्यावर झालेलं. माझ्या पिवळ्या ट्रकचं काय? त्याच्यावर क्रेन नंतर बसवलेली आहे, आणि इथे धोका सुरू होतो. पीटीओची डबी चुकीच्या गुणोत्तराची निवडली तर पंप जास्त फिरून जळतो. फिरण्याची दिशा उलटी आली तर पंप तेल ओढतच नाही. क्रेन सरळ चासीवर ठोकली तर चासी चिरते. मध्ये दणकट सबफ्रेम लागते. पण सगळ्यात जीवघेणं आहे ते कलंडणं. अडीच मीटर रुंद, सात टनी ट्रक धरा. तो आपल्या वजनाने मध्यापासून सव्वा मीटरवरच्या कडेभोवती पावणेनऊ टन-मीटर इतका धरून ठेवतो. पिनाकाच्या पेटीएवढं, १.६५ टनांचं ओझं मध्यापासून चार मीटरवर उचललं तर उलटवणारा जोर साडेचार. ठीक. हात सहा मीटर केला की तोच जोर पावणेआठच्या पुढे. हे झालं कागदावर, सपाट सिमेंटवर आणि क्रेनच्या हाताचं वजन न धरता. प्रत्यक्षात टायर दबतात, पाटे वाकतात, काळी माती खचते. म्हणून दोन्ही बाजूंचे पाय, आउटरिगर, पूर्ण बाहेर काढून खाली फळ्या टाकल्याशिवाय हात लांब करायचा नसतो. गॅरेजवाले पाय आखूड ठेवतात तिथे माणसं मरतात.

कायद्याचीही बाजू आहे, आणि संशोधकाला ती फार कामाची. लष्करी गाडीचं रजिस्ट्रेशन मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६० खाली वेगळं होतं, म्हणूनच तिच्या नंबरात वर जाणारा बाण असतो. गाडी लष्करातून निघाली की तिला सामान्य नागरिकासारखं आरटीओत नाव नोंदवावं लागतं. आणि कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येणार नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हेच ठासून सांगितलं. म्हणजे बघा, कारखानदार झाकण ठेवून म्हणतो "पुढे काय लावाल ते लावा", आणि कायदा म्हणतो "कागदावर होतं तेच राहू द्या". दोघांचंही बरोबर आहे. ही ओढाताण मला कुठल्याही इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा जास्त इतिहास सांगते.

मग हा इतिहास शोधायचा कुठे? ग्रंथालयात थोडा. निविदांत पुष्कळ, कारण निविदेत क्रेनची क्षमता, हाताची लांबी, पीटीओची जागा सगळं लिहावं लागतं. लिलावाच्या याद्यांत, जिथे "ट्रक, क्रेनसह" एवढ्या दोन शब्दांत एखाद्या गाडीचं अख्खं आयुष्य असतं. आरसी बुकातल्या बॉडीच्या रकान्यात. आणि मुख्य म्हणजे लोखंडात: सबफ्रेमचे वेल्ड, जास्तीची भोकं, एकावर एक रंगांचे थर. पण घाई करा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन चालत नाही, त्या भंगारात जातात. लष्कराच्या खास गाड्यांना सूट आहे, पण इतर सरकारी खात्यांच्या क्रेन, बोअरच्या गाड्या वितळायला लागल्या आहेत. अहिल्यानगरला रणगाड्यांचं छान संग्रहालय आहे. रणगाडा खड्ड्यातून ओढणाऱ्या ट्रकांना असं घर मिळणं अवघड.

लिहून ठेवण्याने काय फरक पडतो याचं उदाहरण आमच्या सोलापुरातच आहे. सोलापूर वेल सर्व्हिसच्या हातपंपावरून पुढे १९७० च्या दशकात इंडिया मार्क टू हा पंप घडला आणि जगभर गेला. त्या पंपाची वंशावळ आज सांगता येते कारण युनिसेफसारख्या संस्थेने त्याची कागदपत्रं ठेवली. त्याच काळात इथल्या गॅरेजांत ट्रकवर बसवलेल्या क्रेनची अशी वंशावळ कुणाकडे नाही.

त्या ड्रायव्हरकडे मी नंतर दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी गाडीखाली सरपटत जाऊन गिअरबॉक्सची कूस पाहिली. पीटीओची डबी सहा बोल्टांवर बसलेली, तिच्या खालून तेल पाझरत होतं. मी विचारलं, इथलं मूळ झाकण कुठं गेलं? त्याने सीटखालची टूल पेटी उघडली. ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, बोल्टांसकट ठेवलं होतं. "टाकलं नाही?" म्हटलं. तो म्हणाला, "टाकीन कसं? उद्या क्रेन काढून गाडी विकायची झाली तर लागंल की."